आधी निरोप, मंग व्हिसा

६ मार्च, लाखनी

मेल आला. आला, आला, आला.

कैलाशभाऊच्या वेल्डिंगच्या दुकानात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा फाळका जोडून राहिली होती मी, तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. हेल्मेट वर करून पाह्यलं तं पहिल्याच ओळीत ‘अप्रूव्हड’. बाकी काहीच वाचलं नाही, वाचायची गरजच काय. होल्डर ठेवला अन् चामड्याचा एप्रन अंगातच ठेवून हायवेच्या कडेनं अंगणवाडीकडे पळत सुटली. दोन ट्रकवाल्यायनं हॉर्न मारले. मारू द्या.

आई अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरायले खिचडी वाढून राहिली होती. मी दारातूनच सांगितलं. तिनं पळी खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं, अन् तिथल्या बायायले म्हणे, "आमच्या पोट्टीचा व्हिसा आला." मीही हौ म्हटलं.

क्रोएशिया. तिथं रियेका नावाचं गाव आहे समुद्राकाठी, तिथल्या जहाजाच्या कारखान्यात वेल्डर पायजे. हिवाळ्यात नागपूरले परीक्षा झाली, पाइप जोडून दाखवला, साहेबानं उलटून-पालटून पाह्यला अन् नाव लिहून घेतलं. आता मी जहाज जोडीन. आजपर्यंत वैनगंगेतला डोंगा सोडून पाण्यावर दुसरं काही पाह्यलं नाही मी, पण लोखंड ते लोखंडच.

आयटीआयले वेल्डरचा ट्रेड घेतला तेव्हा वॉर्डानं आईले काय काय ऐकवलं होतं. पोट्टीचे डोळे जातील, हात भाजतील, कोणी लग्न करून नेणार नाही. आई एकटी भांडली सगळ्यायशी. आज ती गल्लीतून चालली ना, तं रस्ता तिच्याच नावावर असल्यासारखी चालली.

बाबा नगरपंचायतीत नळाचं पाणी सोडतात. त्यायले सांगितलं तं म्हणे, "बरं झालं." अन् वॉर्डाचं पाणी आज अर्धा तास जास्त सोडलं.

१० मार्च

कैलाशभाऊनं फ्लेक्स लावला. हायवेच्या वळणावर, साकोलीकडून येणाऱ्या एकाही माणसाले चुकणार नाही असा. माझा हेल्मेट काखेत घेतलेला फोटो, वरून विमान, मागं तो उंच लोखंडी टॉवर. मी म्हटलं भाऊ, हा टॉवर क्रोएशियातला नाही. फ्लेक्सवाला म्हणे, ताई, फॉरेनचाच आहे ना.

‘लाखनीची शान’ लिहिलं आहे. खाली शुभेच्छुक म्हणून जे नावं आहेत, त्यातले अर्धे मले कोणी करून नेणार नाही म्हणणारे. आईनं ते नावं दोनदा वाचले, मोठ्यानं.

निरोप रविवारी ठेवला. कारण काय, तं विहार रविवारी रिकामं आहे, अन् आईले सुट्टी आहे. मी म्हटलं तिकीट नाही आलं अजून. आई म्हणे तिकीट येत राहील, खिरीचा आचारी मिळत नाही.

१६ मार्च, चिखला

हो, चिखला. मामाच्या क्वार्टरमध्ये बसून लिहून राहिली आहे. हासू बी येऊन राहिलं अन् रडू बी.

सकाळी विहारात सगळा वॉर्ड. वंदना झाली, माझ्या गळ्यात हार पडले. गोदावरीकाकू, आमच्या समोरच्या घरच्या, आचाऱ्याशी खिरीतल्या साखरेवरून भांडून राहिल्या होत्या. तेवढ्यात ही नोकरी लावून देणाऱ्या नागपूरच्या ऑफिसातल्या रुचिता मॅडमचा फोन. म्हणे, व्हिसाची अपॉइंटमेंट कधीची घेऊ? मी म्हटलं व्हिसा तं आला. मॅडम म्हणे, अगं, तो मेल नीट वाचला का? ते परमिट आहे, कारखान्याला तुला कामावर ठेवायची परवानगी. आता त्याच्यावर डी व्हिसा लावायचा, म्हणजे तिथं राहून काम करायचा. दिल्लीला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे. महिना-दीड महिना धर. अन् कधी कधी नाकारतात पण, सांगून ठेवते.

विहाराच्या मागं आईले बोलावलं अन् सांगितलं. आईनं एकदा खिरीच्या गंजाकडे पाह्यलं, एकदा ढोलवाल्याकडे. मी म्हटलं, लोकायले खरं सांगून टाकू, जातेच आहे ना मी, थोडी उशिरा.

आई म्हणे, "आपण अपशकुन-बिपशकुन मानत नाही. पण लोकं हासतात, ते मी मानते. तू बसमध्ये बस. पुढचं पुढं पाहू."

बसून गेली बाप्पा. नागपूरच्या बसमध्ये, गळ्यात हार, मांडीवर शाल. ढोल वाजून राहिला. गोदावरीकाकू अशा रडल्या की कंडक्टरनं विचारलं कोण वारलं. आई रडली नाही, लोकायले खीर कमी तं पडली नाही ना, हेच पाहत होती. बाबा खांबाजवळ उभे. बस सुटली तेव्हा त्यायनं हात वर केला अन् तसाच ठेवला.

भंडाऱ्याले उतरली. हार बॅगेत कोंबले, तुमसरची बस धरली, तिथून चिखला. अंकुश मामा इथल्या मॅगनीजच्या खाणीत अंडरग्राउंड जातो. तो अन् मामी दोघंच राहतात कंपनीच्या क्वार्टरमध्ये. मामीनं दार उघडलं अन् म्हणे, अवं, तू तं विमानात पायजे होती.

२० मार्च

आईचे नियम. स्टेटस टाकायचं नाही. लाखनीतल्या कोणाचा फोन उचलायचा नाही. व्हिसा आला की गुपचूप निघायचं, म्हणजे मधले दिवस कोणाच्या हिशेबातच येणार नाही. लाखनीतलं कुत्रं बी चिखल्याले जात नाही, असं आई छातीठोक म्हणते.

रोज फोन करून काय काय सांगितलं ते मले सांगते, म्हणजे पुढंमागं आमचं बोलणं जुळलं पायजे. मी पोहोचली. थंडी आहे. समुद्र घरासमोरच आहे. जेवायले पाव देतात पण मुकादम चांगला माणूस आहे, मले वरणभात करू देते. मी म्हटलं, आई, एवढं कायले सांगतेस? म्हणे, विचारतात तं सांगा लागते.

बाबायले खोटं बोलता येत नाही. चहाच्या टपरीवर कोणी विचारलं तं म्हणतात, "बरी आहे." ते खरंच आहे, मी बरीच आहे. आता टपरीवर जाणंच बंद केलं म्हणे त्यायनं, संध्याकाळी गोदावरीकाकूच्या ओट्यावर जाऊन बसतात. तिथं कोणी काही विचारत नाही म्हणे. हे मले पटलं नाही. गोदावरीकाकू तं रस्त्यानं जाणाऱ्या बैलाले बी विचारते कुठं चालला म्हणून.

२९ मार्च

दिल्लीहून आली. ठसे दिले, फोटो दिला, पासपोर्ट तिथंच ठेवून घेतला. मॅडमनं सांगितलं, कारखान्यानं कळवलं आहे: पंधरा मेपर्यंत हजर नाही झाली तं जागा दुसऱ्याले. म्हणजे व्हिसा त्याच्या आधी आला तं मी वेल्डर, नाही आला तं मी फ्लेक्स.

४ एप्रिल

हात सुस्त पडून राहिले होते. दिवसभर मामीच्या घरात तांदूळ निवडून कोणी जहाज जोडू शकते का? खाणीच्या गेटजवळ टिप्पर दुरुस्तीचं दुकान आहे. तिथल्या दादाले मामानं विचारलं, ते हौ म्हणाले. अन् मले एक असली भारी गोष्ट सुचली, माझंच मले कौतुक वाटलं: वेल्डरचं हेल्मेट. दिवसभर तोंड झाकलेलं. बुरखा बी एवढा झाकत नाही.

आज त्या हेल्मेटनं जीव वाचवला. दुपारी एक ट्रक आला, फाळक्याची बिजागरी तुटलेली. ड्रायव्हर उतरला तं कोण? निकेश. गोदावरीकाकूचा पोरगा निकेश. तो ट्रक चालवते हे सगळ्यायले माहीत, पण चिखल्याहून मॅगनीज भरते हे आईच्या ध्यानातच नव्हतं, माझ्या बी नाही. हेल्मेट खाली ओढलं अन् काम सुरू केलं. तो बाजूलेच उभा, हात मागं बांधून, माझं जोडकाम पाहून राहिला. मंग दादाले म्हणे, "तुमच्या मिस्त्रीचा टाका लय बारीक आहे. असा टाका आमच्या लाखनीत एकच पोट्टी मारे. पण ती फॉरेनले असते आता."

दादा काहीतरी हां-हूं म्हणाले. मी हेल्मेटमध्ये दात काढून हासून राहिली होती. जाता जाता तो मोठ्यानं म्हणे, मिस्त्रीले पाणी पेत जाय म्हणा, ऊन वाढलं. दादाच्या दुकानातल्या माणसाची बी काळजी त्याले, चांगल्या मनाचा आहे निकेश. ओळखलं मात्र नाही. लहानपणापासूनचा शेजारी, अन् चार हातांवरून ओळखू नाही शकला.

८ एप्रिल

कमाल आहे. निकेश आज मामाच्या क्वार्टरवर आला, मी मोरीत लपली. गोदावरीकाकूनं मामासाठी पिशवी पाठवली म्हणे. मामा अन् काकू आयुष्यात एकदा भेटले असतील, आमच्या घरच्या एका लग्नकार्यात.

पिशवीत आंब्याचं लोणचं, लाखोळीच्या डाळीच्या वड्या, अन् लोकरीची टोपी, गुलाबी, वर फूल. हातानं विणलेली. खाणीत खाली केवढी उष्णता असते, अन् काकू मामाले लोकरीची टोपी पाठवते. मामानं घालून पाह्यली, कानाच्या वरतीच अडकली. माझ्या डोक्यात मात्र बरोबर बसली. काकूचा अंदाजच चुकला बिचारीचा. मामा म्हणे तूच ठेव, तुले कामी येईल. मामी तिकडे तोंड करून हासत होती, काहून ते सांगितलं नाही.

नशीब पाह्य माझं. टोपी घ्यायचीच होती.

११ एप्रिल

आज मरता मरता वाचली.

आईनं दुपारी मेसेज केला: काकू ऐकत नाही, व्हिडिओ कॉल लावायचाच म्हणते, तयार राह्य. मी धावपळ करून मामीचा स्वेटर घातला, ती टोपी घातली, अन् पांढऱ्या भिंतीले पाठ लावून बसली. बाहेर असं ऊन की पत्रे तडतडून राहिले होते.

फोनमध्ये काकूचं मोठं तोंड, मागं आईचं भ्यालेलं. काकू म्हणे घाम काहून आला वं एवढा? मी म्हटलं हीटर जास्त आहे. तुझ्या नाकावर काळं कायचं? म्हटलं जहाजाचा रंग. तेवढ्यात खाणीचा भोंगा वाजला, पाळी बदलायचा. काकू म्हणे हा कायचा आवाज? मी एका सेकंदात म्हटलं, जहाज निघालं. असं एकामागून एक सुचत गेलं मले. शाळेत कधी एवढं डोकं चाललं असतं तं मी कलेक्टर असती.

मंग काकू म्हणे, टोपी लय शोभते, कुठून घेतली? म्हटलं इथल्याच बाजारातून. काकू म्हणे, "चांगला आहे बाजार." अन् पदर तोंडाले लावला, खांदे हालून राहिले. भरून आलं तिले. मले बी वाईट वाटलं.

फोन ठेवल्यावर ध्यानात आलं, टोपी तं तिनंच विणलेली होती. पण तिनं ओळखली नाही. वय झालं काकूचं.

१४ एप्रिल

जयंती. मी जन्मल्यापासून पहिल्यांदा लाखनीच्या रॅलीत नव्हती. इथं कॉलनीत निळे झेंडे, गाडीवर डीजे, मी स्कार्फ बांधून एवढी नाचली की मामी म्हणे पाय ठेवशील का व्हिसासाठी. घरी आल्यावर एकदम रडू आलं. विचार केला, इथून दोन-अडीच तासाची लाखनी एवढी आठवते, तं समुद्रापलीकडून काय होईल. पण हा विचार पाच मिनिटंच केला, कारण मामीनं पुरणपोळी वाढली.

२१ एप्रिल

खलास.

रुचिता मॅडमचा फोन. आवाजच वेगळा. म्हणे, खुशबू, खरं सांग, तू कुठं आहेस? म्हटलं चिखल्याले. म्हणे, एम्बसीवाले विचारतात की अर्जदार आधीच क्रोएशियात आहे का.

अर्जात दुसरा नंबर आईचा दिला होता. एम्बसीतून कोणी बाईनं फोन केला, सहज विचारपूस करायले, हिंदीत. खुशबू कहां है? आई अंगणवाडीत होती. सगळ्या बाया समोर, कान टवकारून. आई काय सांगणार? म्हणे, वो तो क्रोएशिया में है, एक महिना हो गया. तिकडची बाई गप झाली असेल, तं आईले वाटलं कमी पडलं. म्हणे, बहुत ठंड है बोलती, समुंदर घर के सामनेच है.

मी फोनवर आईवर एवढी ओरडली, एवढी ओरडली, की मामीनं दार लावून घेतलं. लोकायपायी माझी नोकरी घालवली म्हटलं. तुले तुझी शान पायजे, मी नाही, असं बी म्हटलं. तिकडून रडायचा आवाज आला. आईले रडताना ऐकलं नव्हतं मी कधी, वॉर्डाशी भांडली तेव्हा बी नाही. लोकायनं तुले नाव ठेवलं ना, तं मले सहन होत नाही म्हणे, बस एवढंच.

परवा दिल्ली. समोर हजर होऊन खुलासा द्यायचा.

२५ एप्रिल

गाडीत लिहून राहिली आहे, अक्षर हालते.

एक गोरा साहेब अन् एक दुभाषी बाई. साहेबानं विचारलं तुमची आई म्हणते तुम्ही क्रोएशियात आहात. मी म्हटलं साहेब, पासपोर्ट तुमच्याच कपाटात आहे, मी जाऊ कशी. तो म्हणे मंग आई असं काहून म्हणाली?

मी ठरवून गेली होती, थोडंसंच सांगायचं. पण तोंड उघडलं अन् सगळंच बाहेर आलं. परमिट, फ्लेक्स, खीर, ढोल, नागपूरची बस, भंडाऱ्याले उतरणं, हेल्मेट, मोरी, भोंगा. दुभाषी बाई सांगता सांगता मधीच थांबे अन् पाणी पेई. साहेबानं फ्लेक्सचा फोटो मागितला. मोबाइलमध्ये होता, दाखवला. त्यानं टॉवरवर बोट ठेवलं. म्हटलं तो फ्लेक्सवाल्यानं लावला, मी नाही म्हटलं होतं. साहेबाले एकदम खोकला आला. कागद तोंडावर धरला, कान लाल लाल, अन् उठून बाहेरच गेला. दिल्लीची हवा खराब आहे, परदेशी माणसाले सहन होत नाही. बाईच्या बी डोळ्यातून पाणी येऊन राहिलं होतं.

परत आल्यावर तो फक्त एवढंच म्हणे, कळवू. तोंडाकडे नीट पाहत बी नव्हता. गेलं सगळं. एवढं खरं सांगायले नको होतं.

२ मे, चिखला

मेल नाही. रोज उठल्यावर पाहते, जेवताना पाहते, वेल्डिंग करता करता पाहते.

परत जायचं म्हटलं तं कसं जायचं? जिथं गेलीच नाही तिथून माणूस परत कसा येते? काय सांगू, नोकरी आवडली नाही? थंडी सोसली नाही? अन् आई काय करेल? ती अंगणवाडीत जाणंच सोडून देईल. मी गेली नाही तं माझं एवढं काही बिघडणार नाही, कैलाशभाऊ उद्या बी ठेवून घेतील. आईचं मात्र कंबरडं मोडेल.

आज बाबा आले, टरबूज घेऊन. मामानं कापलं, सगळ्यायनं खाल्लं. बाबा निघता निघता म्हणे, "नाही आला व्हिसा, तं घरी ये. सरळ गल्लीतून ये." मी म्हटलं बाबा, लोकं काय म्हणतील? ते म्हणे काही नाही म्हणणार. बाबायले दुनियेचं काहीच कळत नाही. दिवसभर पाण्याचे वॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाले लोकं कसे असतात ते काय माहीत.

७ मे

आला. या वेळेस सगळा मेल वाचला. वरून खाली, खालून वर. मामीकडून वाचून घेतला, मामाकडून वाचून घेतला, टिप्परवाल्या दादाकडून बी. व्हिसा म्हणजे व्हिसाच आहे, डी, एका वर्षाचा. दादानं चहा पाजला सगळ्या ड्रायव्हरले अन् कायचा चहा ते सांगितलं नाही. मी मामीले उचलून फिरवलं, ती म्हणे ठेव खाली, कंबर जाईल.

तिकीट अकरा तारखेचं. पण पासपोर्ट कुरिअरनं येणार, अन् कुरिअर अर्जातल्या पत्त्यावर. म्हणजे लाखनीले. अन् सही माझीच पायजे, आधार दाखवून.

आईनं फोनवर पाच मिनिटात बेत केला. उन्हाळ्यात सगळ्याच पोरी स्कार्फ बांधतात, डोळे सोडून काही दिसत नाही. तू आमची पाहुणी म्हणून गल्लीत ये, पाकीट घे, निघून जाय. मी घरी नाही थांबत, मी थांबली तं लोकायले शंका येईल. मी भंडाऱ्याच्या स्टँडवर भेटते.

९ मे, भंडारा ते नागपूर, बसमध्ये

हे नीट लिहून ठेवायचं आहे.

सकाळी गल्लीत पोहोचली तं नेमकी नळाची वेळ. सगळा वॉर्ड बाहेर, बकेटी, हंडे-गुंड, भांडणं. मी स्कार्फ घट्ट बांधून आमच्या ओट्यावर बसली. कैलाशभाऊ कॅन भरायले आले होते, माझ्याकडे पाहून म्हणे, "कुठल्या गावच्या, ताई?" मी आवाज जाड करून म्हटलं, पवनीच्या. ते म्हणे बरं बरं, लय दूरून आल्या. निकेश ट्रक पुसून राहिला होता, त्यानं मानसुद्धा वर केली नाही.

मंग कुरिअरवाला आला. गल्लीच्या मधोमध गाडी उभी केली, अन् सगळ्यायले ऐकू जाईल असं म्हणे, खुशबू परसराम गजभिये कोण आहे?

भांडण तिथंच थांबलं. पाणी पडायचाच तेवढा आवाज. मी हळूच हात वर केला. त्यानं आधार पाह्यलं, माझ्याकडे पाह्यलं, अन् म्हणे स्कार्फ काढा ताई, चेहरा जुळवा लागते. म्हटलं घरात चला. म्हणे वेळ नाही, इथंच काढा.

माझा हात वर गेला नाही. पंधरा मे डोळ्यासमोर, आई डोळ्यासमोर. मी गल्लीकडे पाह्यलं.

गोदावरीकाकूनं आधी पाठ फिरवली. भरलेली बकेट खाली ठेवली अन् भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मंग कैलाशभाऊनं. मंग निकेशनं. मंग एकेक करून सगळ्यायनं, बाया, माणसं, दात घासणारे म्हातारे. एका बाईनं आपल्या लेकराचं डोकं धरून वळवलं. पूर्ण गल्ली माझ्याकडे पाठ करून उभी. बकेटी भरून वाहत होत्या, कोणी नळ बंद करत नव्हतं.

मी स्कार्फ काढला. त्यानं चेहरा पाह्यला, सही घेतली, पाकीट दिलं. मी स्कार्फ परत बांधला. कुरिअरवाला चक्रावून गल्लीभर पाहत होता, काय चाललं इथं. तो गेला, मंग सगळे वळले अन् पाण्यावरून जिथं भांडण थांबलं होतं तिथून पुढं भांडू लागले.

तेव्हा समजलं मले. कोणाले कधीपासून माहीत होतं, याचा हिशेब मी करत बसली नाही. मी स्वतःले केवढी हुशार समजत होती, एवढीच लाज वाटली. अन् लाजेपेक्षा जास्त काहीतरी, ते मले लिहिता येत नाही.

निघाली तं गोदावरीकाकू पदराले हात पुसत आडवी आली. माझ्या डोळ्यात पाहत म्हणे, "बाई, तू कोणाची कोण, मी विचारत नाही. पण आमच्या गल्लीतली एक पोट्टी क्रोएशियाले आहे. भेटली तं सांगजो तिले, मायची काळजी करू नको म्हणा. तिची माय जे जे सांगते ते आम्ही सगळं ऐकतो. पुढं बी ऐकू."

स्कार्फ भिजला माझा. म्हटलं, "सांगते, काकू."

"अन् जेवत जाय म्हणा," ती म्हणे, अन् परत नळाकडे गेली.

भंडाऱ्याच्या स्टँडवर आई खांबामागं उभी होती, हातात डबा. मी पाकीट दाखवलं. तिनं पासपोर्ट उघडला, व्हिसाच्या पानावर बोट फिरवलं, अन् मंग एकदम इकडेतिकडे पाहून हळू आवाजात विचारलं, "कोणी ओळखलं तं नाही ना वं?"

"कोणीच नाही, आई," मी म्हटलं. "कोणाले काहीच माहीत नाही."

आईनं मोठा श्वास सोडला. तोंडावर असं हासू आलं, मेल आला त्या दिवशीसारखंच. म्हणे, "मी म्हटलं नव्हतं का? मी सांगितलं की लोकं मानतातच."

मी हौ म्हटलं. नागपूरची बस लागली होती. आई या वेळेस बस सुटेपर्यंत खिडकीशीच उभी राहिली.